मामाच्या ओसरीवर 20 वर्षांची शिराझ

माझा मावसभाऊ ॲडलेडला असतो. डिसेंबरात आला तेव्हा तिथल्या बरोसा खोऱ्यातल्या एका वाइन बनवणाऱ्या घराण्याची 2004 सालची शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षांची रेड वाइन, घेऊन आला. बाटली हातात देताना म्हणाला, "घाई करू नकोस."

मी एकदा घाई केली होती. जुनी रेड वाइन आडवी ठेवलेली, तशीच उचलून ओतली आणि घोटाघोटाला गाळ दाताखाली आला. वाइनमधला रंग आणि तुरटपणा देणारे टॅनिन वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटत जड होतात आणि तळाशी बसतात. तो थर हलला की सगळी बाटली कडवट होते. या वेळी गोव्यात फोंड्याच्या घरी तिला फ्रिजमधल्या भाजीच्या खणात आडवी ठेवली. आमच्याकडे हिवाळ्यातसुद्धा दुपारी पारा 30 च्या वर असतो, बाहेर ठेवली असती तर वाटच लागली असती.

मार्चमध्ये सत्तरीला मामाकडे नेली. काजूचा हंगाम, आवारभर बोंडांचा वास. गाडीत हिंदकळलेली बाटली माजघराच्या थंड कोपऱ्यात दोन दिवस उभी करून ठेवली, तिला कोणी हात लावायचा नाही असे मुलांना बजावले. मामाला हे पटवून द्यावे लागले नाही. त्याची स्वतःची काजूची भट्टी आहे. निरो, म्हणजे बोंडांचा रस, आंबायला किती दिवस द्यायचे हे त्याच्या आजोबांपासून चालत आले आहे.

शनिवारी संध्याकाळी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग बूच काढायला घेतले. इथेच अडचण झाली. बूच अर्ध्यात तुटले. 20 वर्षांत ते भुसभुशीत झाले होते, उरलेला तुकडा काढताना चुरा आत पडला. मामीने पातळ सुती फडके उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून दिले. साबणाचा वास नको, हे तिनेच सांगितले. मावसभावाने बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा दिवा धरला आणि मी फडक्यातून काचेच्या भांड्यात अगदी बारीक धारेने ओतत गेलो. मानेत काळपट रेघ सरकताना दिसली तिथेच थांबलो. दोन बोटे वाइन गाळासकट बाटलीत राहिली, तिची हळहळ वाटली नाही.

नवी शिराझ जांभळी-काळी असते. हिच्या कडेला विटेचा रंग होता. पहिला वास ओल्या पाचोळ्याचा. मला वाटले, गेली. वीस मिनिटांनी सुकवलेली आलुबुखार आली, मागून चामडे, जरा तंबाखू. घोट घेतला तर कुठे टोचत नव्हते, सगळे मऊ झाले होते आणि गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर राहिले.

मावसभाऊ तिकडच्या मळ्यांबद्दल सांगत होता. 1842 मध्ये युरोपातल्या सिलेसियातून आलेल्या ल्युथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) कुटुंबांनी बरोसात वस्ती केली. एकोणिसाव्या शतकात वेलांच्या मुळांना लागणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने युरोपातले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, पण ती कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचली नाही. म्हणून शंभर-दीडशे वर्षांचे वेल तिथे आजही कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. पणजोबांनी लावलेल्या वेलाची द्राक्षे आज पणतू काढतो. मामा हे ऐकताना गप्प झाला होता. त्याच्या कुळागरातल्या पोफळीही त्याच्या वडिलांनी लावलेल्या.

मामी पीत नाही. तिने पेला नुसता नाकाशी नेला आणि म्हणाली, "अरे, याला मिऱ्यांचा वास येतो."

मावसभाऊ उडालाच. शिराझमध्ये रोटंडोन नावाचे द्रव्य असते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. काळ्या मिरीचा वास मुख्यतः त्याचाच. पोफळींवर चढलेल्या मिरवेलींची मिरी मामी दरवर्षी खुडते, वाळवते, पाखडते. वाइनबद्दल काहीही माहीत नसताना तिने ते एका श्वासात ओळखले. मामालाही आला वास. मला नाही. पाचातल्या एका माणसाला हे द्रव्य जाणवतच नाही म्हणे.

मामीने अंगणातल्या सुपातून मूठभर मिरी आणून दोन दाणे माझ्या तळहातावर चुरडले. मी ते हुंगायचो, मग पेला, पुन्हा ते. चामडे आले, आलुबुखार आली. तासाभराने वाइन विझत चालली तेव्हाही मी तळहात नाकाशी धरून बसलो होतो.