थायरॉइड काढली, मग टीजी येतंच कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझं थायरॉइड कॅन्सरचं ऑपरेशन झालंय हे कळलं की कुणी ना कुणी रिपोर्टचा फोटो पाठवतंच: "ताई, ग्रंथी पूर्ण काढली, तरी थायरोग्लोब्युलिन 0.6? परत आलं की काय?"

थायरोग्लोब्युलिन, म्हणजे टीजी, हे प्रथिन थायरॉइडच्याच पेशी बनवतात. निरोगी पेशीही बनवतात आणि पॅपिलरी, फॉलिक्युलर या प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरच्याही. ऑपरेशनमध्ये आवाजाची नस आणि शेजारच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी जपताना थोड्या निरोगी पेशी मागे राहू शकतात. शिवाय आधीचं टीजी रक्तातून उतरायला काही आठवडे जातात, म्हणून तपासणी साधारण 6 ते 12 आठवड्यांनी करतात. घाईने केली तर नुसती झोप उडते. आणि अर्धीच ग्रंथी काढली असेल, तर उरलेली अर्धी टीजी बनवणारच की!

रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल' रेंज विसरा. ती ग्रंथी शाबूत असलेल्यांची. पूर्ण ग्रंथी काढून रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनही (उरलेल्या पेशी मारण्यासाठी) घेतलं असेल, तर थायरॉइड हार्मोनची रोजची गोळी चालू असताना टीजी 0.2 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली, किंवा टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना कामाला लावणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) वाढवून केलेल्या तपासणीत 1 च्या खाली असलं आणि सोनोग्राफी स्वच्छ असली, की डॉक्टर खूश. टीएसएच चढला की टीजीही चढतं. म्हणून त्याच दिवशीचा टीएसएच न बघता टीजीवर बोलण्यात अर्थ नाही.

मी स्वतः आधी अँटी-टीजीची, म्हणजे टीजीविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या अँटीबॉडींची, ओळ बघते. साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला या अँटीबॉडी असतात, आणि नेहमीच्या पद्धतीत त्या टीजी खोटं कमी दाखवतात. रिपोर्टवर '0.1 पेक्षा कमी' असं छापून येतं, घरी सगळे हुश्श करतात, आणि खालच्या ओळीत अँटीबॉडी भरपूर! अशांना टीजीवर विसंबता येत नाही. अँटीबॉडी उतरताहेत की चढताहेत ते बघतात. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिनही असाच घोळ घालतं. ते घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

तर 0.6 बद्दल. मागच्या वेळी, त्याच लॅबमध्ये, किती होतं? 0.9 वरून उतरलं असेल तर मी निवांत असते. 0.2, 0.4, 0.6 असं चढत असेल तर पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

मेड्युलरी हा थायरॉइड कॅन्सरचा वेगळा प्रकार असेल तर मात्र यातलं काही लागू नाही. तिथे रक्तातलं कॅल्सिटोनिन आणि सीईए हे दुसरे मार्कर बघतात.