अकरा दिवस बिनपगारी

2022चा जुलै. पाचवा महिना सरत आला होता आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये मला रक्त दिसलं. महापे ते घणसोली रिक्षाचं अंतर ते केवढं! पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं: रिक्षा बंद, जिना बंद, पडून राहायचं.

बाविसावा आठवडा होता. एचआरला फोन केला. "मॅडम, आपल्याकडे सिक लीव्ह वेगळी नाही. मॅटर्निटी आत्तापासूनच टाकू या." मला तर हायसंच वाटलं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आत्ताच संपवलीस तर बाळ आल्यावर काय करशील?"

मी अकाउंट्समधली, पण हा हिशोब त्यांनी आधी केला. रजा 26 आठवड्यांची. त्यातले 18 पलंगावरच जाणार, बाळासाठी उरणार 8. मग उशीला टेकून मोबाइलवर तेव्हा लागू असलेला 1961चा मातृत्व लाभ कायदा वाचला. बाळंतपणाच्या तारखेच्या आधी 8 आठवड्यांपेक्षा जास्त रजा त्यात बसतच नाही! म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापर्यंतचे 70 दिवस मलाच कुठून तरी भरून काढायचे होते.

पॅकिंगमधल्या मैत्रिणीची तेव्हा फार आठवण झाली. तिच्या 18 हजार पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, 135 रुपये कापतात म्हणून ती दर महिन्याला कुरकुरायची. आदल्या वर्षी कावीळ झाली तेव्हा त्याच ईएसआयने तिला 70 टक्के पगार दिला. वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतो तो. माझा पगार 34 हजार, ईएसआयची पगारमर्यादा तेव्हा 21 हजार. मी साहेबीण, त्यामुळे आजारी पडायची सोय नाही.

साठलेली रजा आणि कॅज्युअल मिळून 25 दिवस निघाले. रविवार धरून 29. आणि मग कलम 10 सापडलं: गरोदरपणातून आजारपण आलं, तर 26 आठवड्यांवर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा. एचआरमधल्या पोरीने हे कधी ऐकलंच नव्हतं. तिचाही दोष नाही, तिला कोणी शिकवलं असणार? माझ्या सर्टिफिकेटवर नुसतं "बेड रेस्ट" लिहिलं होतं, ते परत आलं. मग "गरोदरपणामुळे उद्भवलेला रक्तस्राव" असं स्पष्ट लिहून घेतलं, तेव्हा कुठे मंजूर झालं. तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

29 आणि 30, झाले 59. उरलेले अकरा दिवस बिनपगारी. ते सोसले. सातव्या महिन्यात जावेने पलंगावरच ओटी भरली, हिरवी साडी नुसती अंगावर पांघरून.

खरं भांडण पुढेच होतं. मॅटर्निटीचा रोजचा दर आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. पेरोलवाल्यांनी माझे अकरा दिवस कापलेला पगार घेतला आणि 90ने भागला. दिवसाला 138 रुपये कमी! एरवी एवढ्यासाठी कोण तोंड उघडतं? पण 182 दिवसांचे होतात 25,116. कायद्यात तर सरळ लिहिलं होतं की बाई ज्या दिवशी कामावर होती, त्याच दिवसांच्या मजुरीची सरासरी काढायची. गैरहजेरी त्यात येतच नाही. मी एक्सेल करून पाठवलं. उत्तर नाही. परत पाठवलं, या वेळी साहेबांना कॉपी ठेवून.

छत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं, मुलगी. वजन 2 किलो 300. ती बारा दिवसांची असताना पैसे खात्यात आले. पगारपत्रकात त्या रकमेपुढे लिहिलं होतं: "इतर".