आमची वाटचाल : बास बदलला की बँड बदलतो

आमचा बँड सहा जणांचा. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, ट्रॉम्बोन, बँजो, सूसाफोन (अंगाभोवती घेतलेला मोठा पितळी भोंगा, बास म्हणजे खालचा सूर धरणारा) आणि ड्रम. वाजवतो ते अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं जुनं जॅझ, म्हणजे १९१७ साली जॅझची पहिली तबकडी निघाली तेव्हापासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांतलं. २०११ साली गिरगावात ही फर्म माझ्या नावावर सुरू झाली. मी बँजो वाजवते, सुपाऱ्या घेते आणि हिशेब ठेवते. सुरुवातीपासूनचे आता मी आणि ड्रमवाला, दोघंच उरलोय. बाकी प्रत्येक जागेवर माणूस बदलला. आमच्या धंद्याची खरी हकिकत त्या बदलांचीच आहे.

हे संगीत मुंबईला परकं नाही. १९३५ मध्ये अमेरिकन लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याचे वादक चर्चच्या शाळेत सोल्फा (सूर नावाने म्हणत वाचायची पद्धत) शिकून आलेले, समोर ठेवलेलं नोटेशन धडाधड वाचणारे. ते या मंडळींना ऐकत आणि त्यांच्यासोबत वाजवत तयार झाले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात त्यांचाही हात होता.

आमचे पहिले ट्रम्पेटवाले याच वाटेवरचे. गोव्याचे, उमेदीची सगळी वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलेली. सिंथेसायझर आले, एका कीबोर्डवर अख्खा ब्रास सेक्शन निघू लागला आणि त्यांच्यासारख्या कित्येकांचं काम गेलं. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. ट्रम्पेटने चाल सरळ सांगायची, क्लॅरोनेटने वरून वेलबुट्टी काढायची, ट्रॉम्बोनने खालून सूर ओढत दोघांना जोडायचं, आणि हे तिघांनी एकाच वेळी, कुणी कुणाच्या पायात न येता करायचं, हे त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. ते कागदावर लिहून मिळत नाही. शेजारच्याचं ऐकत वाजवलं तरच जमतं.

अंकल थकले आणि गावी परतले. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं पडलं, हुबेहूब त्यांच्यासारखा वाजवणारा शोधा. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

जुन्या जॅझला पुन्हा उभं करणाऱ्यांमध्ये हा वाद पहिल्यापासून आहे. १९४० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत ल्यू वॉटर्सने या संगीतासाठी बँड उभा केला. तिकडे न्यू ऑर्लिन्सच्याच लुइझियाना राज्यात बंक जॉन्सन हा जुना ट्रम्पेटवाला शोधून काढला गेला. त्याला कवळी करून दिली ती न्यू ऑर्लिन्सचा नामांकित वादक सिडनी बेशे याच्या दंतवैद्य भावाने, आणि १९४२ मध्ये त्याची रेकॉर्डिंग झाली. लंडनचा ट्रम्पेटवाला केन कॉलियर तर जहाजावर नोकरी धरून न्यू ऑर्लिन्सला पोचला, परवान्याची मुदत उलटल्यावर तुरुंगात गेला, आणि परत आला तो तिथल्या पद्धतीत तसूभर बदल चालणार नाही असं ठरवूनच. १९५४ मध्ये त्याचं तो चालवत असलेल्या बँडशी फाटलं. नेतृत्व त्यातल्याच ट्रॉम्बोनवाल्या ख्रिस बार्बरकडे गेलं आणि कॉलियरच्या जागी पॅट हॅलकॉक्स आला. हा बदली आलेला माणूस २००८ पर्यंत तिथे होता, चोपन्न वर्षं! त्याच्या भोवती माणसं बदलत राहिली, पुढे बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटारही आली. कॉलियरच्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे, पण फर्म चालवणारी म्हणून माझा कौल बार्बरला.

आमच्याकडे सर्वांत मोठा बदल बासवर झाला. डबल बास वाजवणारा परदेशी गेला आणि लग्नाच्या बँडमधले एक सूसाफोनवाले आले, मिरजेकडचे. वाद्य मेरठच्या जाली कोठीतलं, देशभरच्या बँडवाल्यांचा बाजार तोच. त्यांच्या पहिल्या तालमीतच बँडची चाल बदलली. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो, म्हणून बास मोजकाच पडतो, आणि त्या मोकळ्या जागेत ड्रम ऐकू यायला लागला. आधी माझ्या बँजोच्या सोयीने आम्ही बरंच काही पांढरी पाच या पट्टीत वाजवत होतो. ते म्हणाले, “ताई, फुंकणाऱ्याला काळी पाच द्या, काळी दोन द्या, मग बघा.” सगळ्या चाली आम्ही हलवल्या, माझी बोटं नव्याने बसवली. जुन्या तबकड्याही बहुतेक त्याच पट्ट्यांतल्या आहेत.

अडचण सीझनची. तुळशीची लग्नं लागली की त्यांच्या मूळ बँडला मागणी आणि नाताळ जवळ आला की आमच्याकडेही. एका संध्याकाळी दोन सुपाऱ्या आल्या तर त्यांनी लग्नाला जावं, असं मीच सांगून ठेवलंय. तिथे त्यांचं घर चालतं. त्या दिवशी बदली वादक येतो, आणि बदलीलाही पूर्ण बिदागी. मिळकतीचे सात सारखे वाटे होतात. सहा वादकांचे, सातवा फर्मचा, त्यातून दुरुस्ती आणि गाडीभाडं. जीएसटीत लोककला आणि शास्त्रीय कलेच्या कार्यक्रमांना दीड लाखापर्यंत सूट आहे, जॅझ त्यात बसत नाही. त्यामुळे दर सांगताना कर वेगळा दाखवावा लागतो आणि घासाघीस तिथेच सुरू होते.

क्लॅरोनेटवर सध्या पोलीस बँडमधून निवृत्त झालेले काका आहेत. त्यांची क्लॅरोनेट जुन्या अल्बर्ट पद्धतीची, म्हणजे चाव्यांच्या जुन्या मांडणीची. न्यू ऑर्लिन्सचे जुने वादक तीच वापरत, तिचा आवाज रुंद आणि लाकडी. ट्रम्पेटवर वसईची मुलगी, चर्चच्या बँडमध्ये शिकलेली. ती अंकलपेक्षा हळू आणि गोल वाजवते. म्हणून संथ चालींत पहिला फेरा आता काका घेतात आणि ती दुसऱ्या फेऱ्याला उचलते. जुने गिऱ्हाईक कधीकधी विचारतात, पूर्वीसारखा ट्रम्पेट का नाही? मी त्यांना तालमीला बोलावते.

ट्रॉम्बोनची जागा या वर्षी पुन्हा रिकामी झाली. दोघं जण आलटूनपालटून येतायत. एकाचा सूर पक्का आहे, दुसऱ्याचा कान. मला कानवाला हवाय, काकांना सूरवाला. दिवाळीआधी ठरवू.