गुडघ्यावरचा कागद

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून हॅरिस रँचची धावपट्टी म्हणजे साधारण १०० नॉटिकल मैल, सेसना १७२ या छोट्या विमानात तासाभराचा प्रवास. रनवेजवळच हॉटेल आहे म्हणून बे एरियातले बरेच पायलट तिकडे जेवायला जातात. सॅन लुइस रिझर्व्हॉयरशी डोंगर संपतात, पुढे आय-५ हायवे धरून दक्षिणेला जायचं. इतक्या सोप्या रस्त्यासाठी तू अजून कागदावर नॅव्हलॉग (टप्प्याटप्प्याची दिशा, वेळ आणि इंधनाचा तक्ता) का भरतोस, असं परवा एका मित्राने विचारलं, त्याला नुकतंच पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) मिळालंय. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या जुलैतली गोष्ट. हॅरिस रँचहून दुपारी परत निघालो, सेंट्रल व्हॅलीत पारा चाळिशीला टेकलेला, आणि नकाशाचं ॲप असलेला टॅबलेट थेट उन्हात. अशा टॅबलेटना ३५ अंशांपर्यंतच वापरा असं सांगितलेलं असतं. पॅनोश व्हीओआरच्या (विमानांना दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्राच्या) जरा अलीकडे तापमानाची सूचना आली आणि नकाशा गेला. क्लबच्या त्या जुन्या विमानात पॅनलवर जीपीएस नाही, पण खाली आय-५ स्वच्छ दिसत होता, त्यामुळे रस्ता चुकायची भीती नव्हती. प्रश्न वेगळाच निघाला.

पॅनोश ओलांडल्याची वेळ पेन्सिलने लिहिली, २:४०. रिझर्व्हॉयरच्या धरणावर आलो तेव्हा २:५८. कागदावर होती १५ मिनिटं, लागली १८. म्हणजे २५ मैलांना ८३ नॉट्स (तासाला तितके नॉटिकल मैल), आणि मी धरले होते १००! समोरून वायव्येचा वारा अंदाजापेक्षा बराच जोरात होता. आणि खरं सांगायचं तर टॅबलेट चालू होता तेव्हाही हा कमी ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) त्यावर दिसतच असणार, पण शेजारी ताडून बघायला काही नसलं की नुसता आकडा डोळ्यांसमोरून निघून जातो. इंधनाच्या रकान्यात १५ गॅलन शिल्लक होतं, तासाला साडेआठ, उरलेल्या ४० मैलांना अर्धा तास, म्हणजे उतरताना १० च्या वर राहणार. दिवसाच्या व्हीएफआरला (बाहेर नजरेने बघत उडण्याला) नियमाने अर्ध्या तासाचं राखीव लागतं, माझ्याकडे तासाभराहून जास्त होतं. मग निवांत डोंगर ओलांडले.

प्लॅनिंग मी ॲपवरच करतो, ते सोडा असं कुणालाच म्हणणार नाही. पण नंतर कोर्स, वारा, हेडिंग, मिनिटं, इंधन हे सगळं हाताने पुन्हा काढतो. आपल्याकडे व्हेरिएशन (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) १२-१३ अंश पूर्व, ते वजा करायचं, आणि दोन्हीकडची मिनिटं जुळली नाहीत तर कारण सापडेपर्यंत निघायचं नाही. शिवाय चायना लेक या लष्करी तळाकडच्या जीपीएस टेस्टिंगचे नोटॅम (पायलटांसाठीच्या सूचना) येतात, तेव्हा जीपीएसचा भरवसा नसतो, त्या दिवशी टॅबलेट कितीही थंड असला तरी उपयोग नाही.

पेन्सिल मात्र दोऱ्याने नीबोर्डला (मांडीला बांधायच्या लिहिण्याच्या पाटीला) बांधा, सीटखाली गेली की उडताना हाताला लागत नाही.

शनिवारी मित्र माझ्याबरोबर येतोय. वेळा तोच लिहिणार आहे.