गुलाबाच्या पानांवरचे काळे ठिपके

पावसाची झड लागली, गुलाबाची खालची पाने पिवळी पडून गळू लागली, की बहुतेक जण झाडाला खत घालतात. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत तर हा दर श्रावणातला ठरलेला उपाय आहे. पण एक गळके पान उचलून उजेडात नीट पाहिले, तर वरच्या बाजूला काळे गोल ठिपके आणि त्यांची झालरीसारखी विस्कटलेली किनार दिसते. साध्या भिंगातून त्या किनारीवर बाहेर पसरणारे बारीक तंतू आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढे काळे फोड ओळखता येतात. हे डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीचे काम आहे. खत जास्त झाल्यास पानांच्या कडा करपतात, असे झालरीचे ठिपके पडत नाहीत.

या बुरशीचे बीजाणू मुख्यतः पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतात आणि पान सुमारे 7 तास सलग ओले राहिले तरच ते आत शिरतात. संध्याकाळी पाइपने झाड न्हाऊ घालण्याची हौस म्हणूनच महागात पडते. पाणी सकाळी आणि थेट मुळाशी द्यावे. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत, जमिनीलगतची पाने काढून टाकावीत आणि गळलेला पाला रोजच्या रोज वेचावा, कारण बुरशी त्यातच दबा धरून बसते. तो पाला घरच्या खतटोपलीत मुळीच टाकू नये, कारण तिथे बुरशी मरण्याइतकी उष्णता क्वचितच तयार होते.

भुरी या गुलाबावरच्या दुसऱ्या बुरशीचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. दिवाळीनंतर रात्री थंड व दमट आणि दिवस कोरडे असले, की कोवळी पाने आणि कळ्यांचे देठ पांढऱ्या पिठाने माखतात आणि पाने वाकडी होतात. बोटाने पुसल्यावर पीठ निघते, हीच तिची खूण. भुरीचे बीजाणू वाऱ्याने उडतात आणि त्यांना पानावरचे पाणी सोसत नाही, म्हणून तिच्यावर सकाळी पाने धुऊन काढणे उपयोगी ठरते. पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात फवारल्यास ती आटोक्यात येते. मात्र कडक उन्हात गंधकाने पाने भाजतात.

काळ्या ठिपक्यांसाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम घेऊन, पाऊस उघडलेला असताना, पानांच्या दोन्ही बाजूंना लागेल असे फवारावे. हे औषध निरोगी पानाचे रक्षण करते, पडलेला ठिपका पुसत नाही. त्यामुळे फवारणीनंतर जुने डाग तसेच दिसले म्हणून मात्रा वाढवणे हा निव्वळ अविचार आहे. हातमोजे घालावेत आणि फवारलेल्या झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद कदापि करू नये.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या छाटणीत रोगट काड्या निरोगी डोळ्याच्या (फुटव्याच्या कोंबाच्या) वर कापून कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावावे. एवढे करूनही पिवळ्या गुलाबांना काळ्या ठिपक्यांचा रोग लवकर धरतो. 1900 मध्ये गुलाबांचे नवे वाण तयार करणाऱ्या फ्रान्सच्या पेर्ने-द्युशे यांनी आणलेल्या ‘सोलेई दोर’ या वाणापासून गडद पिवळा रंग बागेतल्या गुलाबांत आला आणि त्याच घराण्यातून ही नाजूक पानेही आली, असे मानले जाते. दरवर्षी पावसाळ्यात पाने गळून उघडे पडणारे असे झाड मी औषधांवर जगवत बसत नाही. त्या कुंडीत सरळ देशी गुलाबाचे कलम लावतो.