आधी कोपरा, मग क्लीनर

छोट्या फ्लॅटमध्ये नवी वस्तू येते तेव्हा एखाद्या जुन्या वस्तूला बाहेर पडावं लागतं. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरल्यावर मी आधी टेप घेऊन घर मोजलं. दारामागची जागा, कपाट आणि भिंत यांच्यातली फट, पलंगाखालची उंची. विक्रेते मात्र वॅटपासून सुरुवात करतात. मोटर वीज किती खाते एवढंच वॅट सांगतात, कचरा किती ओढते ते नाही. युरोपीय संघाने तर 2017 पासून घरगुती क्लीनरवर 900 वॅटची मर्यादा घातली. तिथली घरं त्यामुळे धुळीने भरून गेल्याचं ऐकिवात नाही.

जागेचा प्रश्न खरा सोडवला होता ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने. खुर्चीच्या गादीवर रुमाल धरून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली, रुमालावर धूळ जमली, आणि 1901 मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यात उभं राही आणि खिडकीतून नळ्या आत सोडी. काम झालं की गाडी चालती! असं यंत्र मला आजही चालेल. घरात मावेल असं यंत्र जेम्स स्पँगलर या अमेरिकन सफाई कामगाराने बनवलं, कारण झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावायचा. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं.

स्पँगलरची अडचण लहान घराला जास्त लागू पडते. यंत्र पुढून धूळ ओढतं आणि मागून हवा सोडतं, ती हवा जाणार कुठे? त्याच खोलीत. हेपा नावाचा अतिबारीक फिल्टर 0.3 मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, 99.97 टक्के कण अडवतो खरा, पण यंत्राचे सांधे सैल असले तर हवा फिल्टरला वळसा घालून निघते. बिनपिशवीच्या क्लीनरचा डबा रिकामा करताना तर गोळा केलेली धूळ पुन्हा नाकासमोर येते. तो बाल्कनीतून झटकावा, तर खालच्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत असतात. पिशव्या सारख्या विकत आणाव्या लागतात, पण त्या निदान तोंड मिटून कचऱ्यात जातात.

आपोआप फिरून झाडणाऱ्या रोबो क्लीनरचा मोह पलंगाखाली पाहिल्यावर ओसरला. तिथे आमच्या बॅगा राहतात. जमीन दिसली तर तो झाडणार ना!

उरले दोन प्रकार. वायरवाला दमदार असतो, आणि मधल्या प्लगवरून आमचं अख्खं घर त्याच्या टप्प्यात येतं. लहान घराची ही एक चैन. पण तो माळ्यावर गेला की सणासुदीलाच खाली उतरणार. बॅटरीवरचा दांडा, म्हणजे काठीसारखा उभा बिनवायरचा क्लीनर, पूर्ण जोरात चालवला तर काही मिनिटांतच मान टाकतो. आमच्या दोन खोल्यांना तेवढी मिनिटं पुरतात. शिवाय हात लांबवला की मिळतो, त्यामुळे सांडलेलं लगेच उचललं जातं. लिथियमची बॅटरी काही वर्षांत थकणारच, म्हणून ती सुटी काढून बदलता येते का, एवढं मात्र मी खोदून खोदून विचारलं.

दांडा घेतला. तो टांगायला दारामागे स्क्रू हवेत आणि घर भाड्याचं. मालकांनी दोन स्क्रूंना परवानगी दिली. तिसऱ्यासाठी स्वतः येऊन बघतो म्हणाले.