याला खर्ज नाही का गं?

रविवार, रात्र. कूलर चालू, तरी झोप नाही.

माझं युकुलेले बघून आत्याने एवढंच विचारलं, ‘याला खर्ज नाही का गं?’ चेष्टेने नाही. वहिनीसारखं ‘खेळणं’ म्हणूनही नाही. खरंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डाळीतले खडे काढायला लागली. तेव्हापासून माझं गाडं तिथेच अडलंय.

नाही खर्ज, म्हणजे खालचा, मंद्र सप्तकातला सा. चार तारा, त्यातली सगळ्यात वरची, जी एरवी जाड असायची, ती इथे बारीक. जी-सी-ई-ए. पांढरी एक, म्हणजे पेटीवरचा सी, सा धरला तर प-सा-ग-ध, आणि पंचमही मध्य सप्तकातलाच. मोकळ्या तारांवरून बोट फिरवलं की रिषभ गाळलेला भूप निघतो. हे आत्याला सांगता आलं असतं. सुचलं आत्ता, अकरा वाजता. नेहमीचंच.

बरेच दिवस सॉलिड लाकडाचं युकुलेले शोधतेय. बजेट वीस-पंचवीस हजार. त्याहून स्वस्तात बहुतेकदा वरची फळी तेवढी सॉलिड, बाकी प्लाय. हवाईचे कमाका वगैरे लाखाच्या घरात, ते व्हिडिओत बघायचे. माझं आहे ते कॉन्सर्ट, म्हणजे मधल्या आकाराचं, आणि लॅमिनेट: पातळ थर उभे-आडवे चिकटवलेले, उन्हापावसाला दाद न देणारं, आवाजही तसाच, घुसमटलेला. सॉलिड म्हणजे एकसंध फळी, सगळीच्या सगळी थरथरते आणि वाजवत राहिलं की वर्षागणिक मोकळी होते म्हणतात. ओळखायचं कसं तेही शिकले. भोकाची कड बघायची. लाकडाच्या रेषा कडेवरून आत उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय.

आजपर्यंत एवढं पुरत होतं. आता वाटतंय, ही शोधाशोध माझ्यासाठी होती, की आत्याने एकदा मान डोलवावी म्हणून? कोपऱ्यात मिरजेचा तंबोरा गवसणीत उभा आहे. बाबांनी तो कोणासाठी आणला होता... जाऊ दे. इथे ग्वाल्हेरात हजिऱ्याला तानसेनाची समाधी, घराघरात ख्याल घोटलेले, आणि मी या वयात नायलॉनच्या चार तारांवर बोटं दुखवून घेतेय. कोण ऐकणार आहे?

तसं युकुलेले तरी कुठल्या मोठ्या घरचं! 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने माणसं होनोलुलूला गेली, उसाच्या मळ्यात राबायला. त्यांच्यातले तिघे सुतारकाम जाणणारे, ते तिकडे ही वाद्यं करायला लागले. आपलं तरी काय वेगळं? दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला तो उठलाच नाही, त्याचं ग्वाल्हेरचं लश्कर झालं. हे सांगितलं तर आत्या म्हणेल, हो, पण खर्ज?

मग हिशोब मांडला. टेनर, म्हणजे कॉन्सर्टहून मोठं, घ्यायचं, चौथी तार लो-जीची, एक सप्तक खालच्या जीची, लावायची. खाली मंद्र पंचम मिळाला. खर्ज तरीही नाहीच. पण आत्याचा षड्ज पूर्वी पेटीच्या ‘काळी पाच’ला होता, हल्ली उतरत उतरत पांढरी पाचवर आलाय. पांढरी पाच म्हणजेच जी. ती तार मोकळी सोडली की आत्याचा सा! उठून खोलीत एक फेरी मारली. मग लक्षात आलं की लो-जीची तार काहीशे रुपयांत येते आणि आहे त्या लॅमिनेटवरही चढते. वीस हजारांची गरजच नाही.

गरज नाही. हवंय. महागनी, टेनर, चकचकीत पॉलिश नसलेलं. आत्या मान डोलवणार नाहीच, ती भल्याभल्यांना डोलवत नाही. तानसेन समारोहातसुद्धा घड्याळ बघते.

फक्त आत्ता नको. सॉलिड लाकडाला हवेत 45 ते 55 टक्के दमटपणा लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पाराच 45च्या वर. बाहेर लू, आत कूलर, फळी तडकायची. दुकानदाराला कालच फोनवर सांगितलं, दोन-चार चांगले पाऊस झाले की मग पाठवा. तो बराच वेळ गप्प होता. त्याला वाटलं असणार, बाई पैसे जमवतायत. तेही आहेच म्हणा.